होमाच्या रात्री गावातले विजेचे दिवे बंद ठेवावेत का?

माडाखालचा

मंडळी, शिमगा तोंडावर आलाय आणि आमच्या गावात एका विषयावरून दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्याकडे भद्रेचा शिमगा, म्हणजे होम, गावची होळी, पुनवेला. रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागलेली पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते, रात्रभर ढोल-ताशे, मग मृदंगावर खेळ्यांचं नमन, म्हणजे नाचगाणं, मध्येच संकासुराचं सोंग पोरांच्या मागे धावतं आणि पहाटेच्या सुमारास होम लागतो. होम लागला की पालखी त्याच्याभोवती नाचवतात, नारळ पडतात, फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, सुरू होतात. कोकणातल्या लोकांना यापुढे काही सांगायला नको.

अलीकडे सहाणेच्या चारी कोपऱ्यांना हॅलोजन लागलेत. त्या पांढऱ्या झोतात होम पेटला तरी नुसता धूर दिसतो. विस्तवाच्या उजेडात देवाचा चांदीचा मुखवटा हलल्यासारखा वाटतो, क्षणात रागावलेला, क्षणात हसरा. हॅलोजनखाली तो नुसता चकाकतो. भरीला टेम्पोवरचा डीजे. त्याच्यापुढे खेळ्यांचा मृदंग ऐकूच येत नाही, म्हातारे खेळे कडेला गप्प बसून राहतात.

मुंबईच्या मंडळाच्या सभेत मी सूचना मांडली: होम लागायच्या आधीपासून उजाडेपर्यंत सहाणेवरचे आणि आजूबाजूच्या ओट्यांवरचे विजेचे दिवे बंद. मशाली आणि होम, एवढाच उजेड. डीजे त्या रात्री नको, दुसऱ्या दिवशी हवा तेवढा वाजवा. निम्म्या सभेला पटलं. बाकीच्यांचं म्हणणं असं की अंधारात म्हातारी माणसं पडतील आणि डीजे नसेल तर तरुण मुलं गावाला यायचीच नाहीत.

माझ्या मते ही रात्र नुसता विधी नाही, गावानं मिळून उभी केलेली कला आहे. देवापुढच्या गाऱ्हाण्यात आणि फाकांमध्ये गावाची सगळी आठवण भरलेली आहे: कुठली वाडी आधी वसली, पटकीच्या साथीत कुणी कुणाला सांभाळलं, कुठल्या वर्षी पालखी नदीपल्याड अडकली. ती आठवण त्या उजेडात आणि त्या वाजपातच बाहेर येते असं मला वाटतं. तुमच्याकडे कसं चालतं? कुणी असा प्रयोग केलाय का?

सुरंगी

पूर्ण पाठिंबा. वाचतानाच नाकात धूर गेला.

खाडीपलीकडे

माझा विरोध आहे आणि कारणं सांगतो. हॅलोजन कुणी हौसेनं लावले नाहीत. आमच्या गावी होल्टे खेळतात, दोन वाड्या समोरासमोर उभ्या राहून पेटती लाकडं एकमेकांवर फेकतात. अंधारात एकाच्या डोळ्याला भाजलं. वेळेवर रत्नागिरीला नेलं म्हणून डोळा वाचला, पण त्याच वर्षी सभेत ठरलं की उजेड हवा. तुम्ही मुंबईहून दोन दिवसांसाठी येता, तुम्हाला अंधार सुंदर वाटतो. आम्ही बारा महिने तिथेच असतो. लाईट गेली की आम्हाला कविता सुचत नाही, महावितरणला फोन लावायला लागतो.

आणि डीजेचं म्हणाल तर पोरं नाचतात म्हणून तरी सहाण भरलेली दिसते. रिकाम्या सहाणेवर मृदंग वाजवून करायचं काय?

माडाखालचा

@खाडीपलीकडे, डोळ्याचं वाचून काळजात धस्स झालं. आमच्याकडे होल्टे नाहीत, पण तुमचा मुद्दा खरा आहे. अंधार म्हणजे काळोख नाही, मशाली भरपूर लावायच्या असं माझ्या मनात आहे. त्याबद्दल कुणाला माहिती असेल तर सांगा.

चामड्याचा_सूर

मी सांगली जिल्ह्यातला. घरात तीन पिढ्या हलगी. कोकणातला शिमगा मी पाहिलेला नाही, तरी या धाग्यावर एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

विस्तव फक्त उजेडासाठी नसतो. तो वाद्यासाठी असतो. हलगीचं कातडं हवेतला ओलावा पितं. संध्याकाळी सणसणीत वाजणारी हलगी मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं की ढिली पडते, ‘कडाड’च्या जागी ‘भद्द’ येतं. मग ती शेकावी लागते. पाचट, पेंढा, काटक्या, जे हाताशी असेल त्याचा जाळ करायचा. ज्वाळेवर धरायची नाही, कातडं करपतं. जाळ ओसरून लाल निखारा झाला की त्याच्यावर वीतभर उंच धरायची आणि सतत फिरवायची. मधूनमधून बोटानं टिचकी मारून बघायची. सूर चढत चढत जातो तो कानाला कळतो. जास्त शेकली तर पुढच्या टिपरीला फाटते. कुठं थांबायचं ते मला वडलांनी बोलून कधी सांगितलं नाही, माझा हात धरून टिचकी मारायला लावली.

तुमचा ढोल, ताशा कातडी असेल तर त्यालाही हेच लागू. म्हणजे होम हा तुमच्या वाजपाचाच भाग आहे. कातडं जाऊन फायबरचं पान आलं की शेकायची गरज संपते, आणि वाजवणारे विस्तवापाशी जायचे बंद होतात. आमच्याकडे हे डोळ्यांदेखत झालं. आधी रात्रीत चार-पाच वेळा वाजप थांबायचं, सगळे जाळाभोवती बसायचे, कुणी विडी काढायचं, कुणी जुनी गोष्ट. एखादी हलगी कुठल्या जत्रेत कशी जिंकली, कुठल्या पैलवानापुढं कुणी वाजवलं, हे सगळं मला त्या थांब्यात कळलं. फायबर आल्यावर थांबा गेला. सलग वाजतं, आवाज चोख असतो, पण मधलं बोलणं संपलं.

दिवे बंद करण्याआधी एक बघा: तुमच्या ढोलावर काय ताणलंय?

सुरंगी

@चामड्याचा_सूर, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. दंडवत.

पावटा_उसळ

शेकायला बसले की कोंबडी पण शेकायला यायची का? आमच्या विदर्भात जाळ दिसला की आधी हुरडा नाहीतर वांगी आठवतात.

चामड्याचा_सूर

@पावटा_उसळ, हो, निखारा काही कुणी वाया घालवत नसे :) कणसं, वांगी, रताळी. पण हलगी आधी.

सातपायरी

विषय आमच्या जवळचा आहे. मी शहाद्याचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं धडगाव-अक्कलकुवा भागात होतो. सातपुड्यातल्या होळ्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी एकदा तरी जा, पण पाहुण्यासारखे जा.

अक्कलकुव्यातल्या काठी गावची होळी सगळ्यात प्रसिद्ध, राजवाडी होळी म्हणतात तिला. उंचच उंच बांबू आणतात. तो उभा करायचा खड्डा हातांनी खणतात, हत्यार वापरत नाहीत. रात्रभर मोठमोठे ढोल, बासऱ्या, घुंगरं, आणि पहाटे होळी पेटते. नाचणारे बावा, बुध्या. अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरं. शेकडो माणसं एका तालावर हलली की त्या भोपळ्यांचा जो खडखडाट उठतो, तो ढोलाइतकाच भारी असतो.

हे बुध्या काही दिवस आधीपासून पाळणूक करतात, पालनी म्हणतात तिला. खाटेवर झोपायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, असे नियम. म्हणजे ती रात्र त्या रात्रीपुरती नसते. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असतात, नाचणारे एकीकडून दुसरीकडे चालत जातात. त्याआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, तिथे सामानाची खरेदी होते, भेटीगाठी होतात.

आता दिव्यांबद्दल. तिथं खरा त्रास हॅलोजनचा नाही, फोटोवाल्यांचा आहे. नाचणाऱ्याच्या तोंडासमोर फ्लॅश मारतात, ‘जरा इकडे बघा’ म्हणतात, ‘तो टोप नीट करा’ म्हणतात. पालनी करून आलेल्या माणसाला! मी एका म्हाताऱ्या बुध्याला विचारलं होतं, राग येत नाही का. ते म्हणाले, आम्ही त्यांच्यासाठी नाचत नाही तर त्यांच्यावर रागावू कशाला. मला मात्र येतो. माडाखालचा, दिवे बंद करत असाल तर मोबाईलचेही करा. नाहीतर हॅलोजन गेले आणि दोनशे छोटे दिवे आले असं होईल.

खाडीपलीकडे

मोबाईलबद्दल सहमत. एवढ्या एका मुद्द्यावर हं.

टेंभुर्णी_पान

मोखाड्याकडची आठवण जोडते. माझं आजोळ त्या बाजूला. जव्हार, मोखाडा आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे, ज्याला सोंगं म्हणतात, ती रात्री गावातून नाचत येतात. पुढे संबळ आणि पिपाणी, दोन्ही बाजूला टेंभे धरलेली माणसं. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं, त्यामुळे मुखवट्यामागे कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी लहान मुलं आयांच्या पदरात तोंड लपवतात.

माझ्या मामांचं म्हणणं असं की हे मुखवटे टेंभ्याच्या उजेडासाठीच रंगवलेत. नाक, भुवया, गाल मुद्दाम उठावदार, रंग भडक. खालून, बाजूनं, हलता उजेड पडला की ते जिवंत होतात. ट्यूबलाईटखाली तेच मुखवटे दुकानात मांडल्यासारखे दिसतात. तुमच्या पालखीतल्या रूपांबद्दल जे लिहिलंय ते म्हणूनच पटलं. घडवणाऱ्यानं ती रात्रीच्या विस्तवातच पाहिली असणार, तिथे दुसरा उजेड होताच कुठे.

इरावती_ज

सगळे प्रतिसाद छान आहेत. पण बायका कुठे आहेत यात? नाच पुरुषांचा, वाजप पुरुषांचं, पालखी खांद्यावर पुरुषांच्या, होल्टेही त्यांचेच. आम्ही ओटी भरायची, पुरणपोळ्या लाटायच्या आणि सहाणेच्या कडेला उभं राहायचं. दिवे बंद केलेत तर कडेच्या बायका आणखीच दिसेनाशा होतील.

माझ्या आईकडे फेराची, झिम्म्याची, गौरीची किती गाणी आहेत. कुठली बाई कुठल्या विहिरीत गेली आणि का गेली, हे आमच्या गावात फक्त त्या गाण्यांत उरलंय. गाऱ्हाण्यात कुणी ते घेत नाही. गावाची आठवण म्हणता तेव्हा तीही धरा.

माडाखालचा

@इरावती_ज, हे मी सभेत मांडणार. होम लागायच्या आधी तासभर सहाणेवर बायकांचे फेर घ्यावेत असं माझ्या बहिणीचं जुनं म्हणणं आहे. मानकरी काय म्हणतील ते बघू, पण विषय निघाल्याशिवाय काहीच हलणार नाही.

उत्तरवारा

मी स्कॉटलंडमध्ये राहते. इथून उत्तरेला शेटलंड बेटांवर लर्विक नावाचं छोटं बंदर आहे. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी तिथे ‘अप हेली आ’ हा सण होतो. तुमच्या मूळ प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून सांगते.

तिथे मिरवणुकीच्या वेळी रस्त्यावरचे दिवे खरोखरच बंद करतात. नगरपालिका करते. मग शेकडो माणसं मशाली पेटवतात, बँड वाजतो, आणि सोबत एक लाकडी गलबत ओढत नेतात. ते गलबत गावकऱ्यांनी स्वतः कित्येक महिने खपून बांधलेलं असतं. शेवटी सगळे त्याच्याभोवती गोल फिरतात आणि एकामागून एक मशाली त्यात फेकतात. गलबत जळत असताना गाणं म्हणतात. ही बेटं एके काळी नॉर्वेकडच्या दर्यावर्दी लोकांची होती, त्या काळाची ती आठवण.

मला दोन गोष्टी विशेष वाटल्या. पूर्वी तिथले तरुण डांबराची जळती पिंपं रस्त्यावरून ओढत न्यायचे. अरुंद गल्ल्यांत ते फार धोक्याचं होतं, म्हणून बंद पडलं. १८८०च्या दशकात त्याच्या जागी मशाली आणि गलबत आलं. म्हणजे आज जे ‘परंपरा’ म्हणून मिरवतात ते सुरक्षिततेच्या गरजेतून नव्यानं रचलेलं आहे, आणि आधीच्यापेक्षा सुंदर आहे. खाडीपलीकडेंचा मुद्दा आणि धागाकर्त्याचा मुद्दा एकमेकांच्या विरोधात असायलाच हवेत असं नाही.

दुसरी गोष्ट इरावतीसाठी: लर्विकच्या त्या मिरवणुकीत बायकांना पथकांत सामील व्हायची मुभा २०२३ साली मिळाली. शंभरहून जास्त वर्षं लागली. आपण तेवढं थांबायला नको.

पावटा_उसळ

महिनोन्‌महिने बांधायचं आणि जाळून टाकायचं! आमच्या शेजारच्या काकांनी ऐकलं तर म्हणतील, आधी त्यातलं सागवान काढून घ्या.

दिवटी_पोत

आमचं घराणं गोंधळ्याचं, मराठवाड्यातलं. मशालींची चौकशी झालीय म्हणून सांगतो.

गोंधळात दिवटी, म्हणजे हातातली छोटी मशाल, ही देवीच असते, तिच्यासमोर संबळ आणि तुणतुणं. आख्यान रात्रभर चालतं, आणि दिवटी विझू द्यायची नाही ही जबाबदारी एकाची. तो गात नाही, वाजवत नाही, पण त्याच्यावर सगळं उभं असतं. तुमच्याकडे दहा मशाली असतील तर दहा धरणारे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक अनुभवी माणूस आधी नेमा.

चिंधी सुतीच हवी. जुनं धोतर, जुनं लुगडं उत्तम. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड असेल तर ते वितळून थेंब पडतात आणि अंगाला चिकटतात, त्याची भाजणी फार वाईट. चिंधी पिळून घट्ट गुंडाळायची, सैल राहिली तर भडकते आणि लगेच संपते. तेलात आधी मुरू द्यायची. रॉकेल नको, काळा धूर होतो, गाणाऱ्याचा गळा बसतो. करंजीचं तेल चांगलं, संथ जळतं. तेल घालायला तोटीची बुधली असते, धार बारीक येते. बाटलीनं किंवा कॅननं पेटत्या मशालीवर कुणी तेल ओतू नये, जाळ उलटा हातापर्यंत येतो.

आणि एक मनातलं. हल्ली गोंधळ हॉलमध्ये होतात. हॉलवाले विस्तव लावू देत नाहीत, मग दिवटीत बॅटरीचा लाल बल्ब लावतात. मी वाजवतो, पोट आहे. पण आख्यानात एके ठिकाणी मी दिवटीकडे बघून देवीला हाक मारतो. तिथे बल्ब असला की हाक घशातून निघत नाही. दिवे बंद करायचा तुमचा विचार मला शंभर टक्के मान्य आहे.

खाडीपलीकडे

@दिवटी_पोत, हे वाचून जरा थांबलो. तेलाचं आणि चिंधीचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आमची पोरं काठीला गोणपाट बांधून त्यावर डिझेल ओततात.

दिवटी_पोत

ते आजच बंद करा.

कडेचा_ढोल

इतकं प्रेमानं चाललेलं बोलणं तोडायचं नाही, पण एक बाजू आलेली नाही ती मांडतो.

‘गावाची आठवण’ सगळ्या गावाची सारखी नसते. माझ्या पणजोबांना शिमग्यात वाजवावंच लागायचं. मान म्हणून नाही, बलुत्याचं काम म्हणून. वाजवायचं पालखीपुढे, पण सहाणेवर चढायचं नाही. नारळाचा तुकडा वरून टाकलेला झेलायचा. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतल्या आमच्या माणसांनी ही कामं सोडली, ढोल आणि हलगी खुंटीला गेली. ते योग्यच झालं. आमच्या घरात विस्तवाच्या उजेडाची आठवण म्हणजे कुणाला कुठे उभं राहू दिलं जात होतं याची आठवण आहे.

म्हणून जुनं जसंच्या तसं परत आणू असं कुणी म्हटलं की मी सावध होतो. अंधार परत आणा, मशाली आणा, पण त्या सहाणेवर कोण उभं राहणार आणि वाजवणाऱ्याला मोबदला किती, हे आधी सभेत लिहून घ्या. वाजप ही कला आहे हे खरं असेल तर कलावंताची बिदागी कलावंतासारखी द्या.

चामड्याचा_सूर

@कडेचा_ढोल, शब्दाशब्दाला हो. माझे वडील याच कारणानं काही गावांच्या सुपाऱ्या घेत नाहीत. हलगी सोडली नाही, पण हांजीहांजी करून वाजवणं सोडलं. आता नाव विचारून, दर ठरवून, खुर्ची मागून वाजवतात.

माडाखालचा

@कडेचा_ढोल, धन्यवाद. आमच्या गावात आज सहाणेवर सगळे येतात, पण वाजवणाऱ्यांना अजून ‘खुशीनं द्या’ असंच चालतं. बिदागी ठरवून, आधी आणि हिशोबात लिहून द्यावी, हा ठराव मी दिव्यांच्या ठरावाच्या आधी मांडीन.

पिंपळपार

अवांतर: होळीसाठी झाडं तोडण्यावर कुणी बोलेल का? कुठे सावर, कुठे आंबा, कुठे पोफळ. आमच्या भागात दर वाडीला वेगळी होळी, दर होळीला एक उभं झाड. सावरीची तर आता शोधाशोध करावी लागते.

सुरंगी

अवांतर नाही वाटत मला. आम्ही मधल्या उंच झाडापुरती पोफळ ठेवली. वठलेली किंवा वाऱ्यानं पडलेली घ्यायची, आणि होमात पातेरा, पेंढा, बागेतल्या छाटणीच्या फांद्या, गोवऱ्या. जाळ तितकाच होतो. शिवाय एक पोफळ गेली की पावसात दोन लावायच्या, हे देवाला गाऱ्हाण्यातच सांगून टाकलंय, आता मोडायची सोय नाही. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून बसलेत :)

शेणी_मळो

गोव्यातून लिहितो. केपे तालुक्यात मळकर्णेला शिमग्यात ‘शेणी उजो’ होतो. पोफळीच्या उभ्या खोडांवर माणसं चढतात आणि वरून पेटत्या शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा, वर्षाव होतो, खाली लोक त्या ठिणग्यांत धावतात. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. जे धावतात त्यांनी आधी व्रत केलेलं असतं, सातपायरींनी लिहिलेल्या पालनीची आठवण आली. अंगात कुणाच्या काय आहे माहीत नाही, पण तयारीशिवाय कुणी विस्तवात जात नाही.

मात्र गर्दी हा वेगळाच विषय आहे. २०२५च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. त्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत केलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. विस्तवानं नाही, गर्दीनं जीव गेले. गावचा उत्सव बाहेरच्यांना आवडायला लागला की वाटा, उतार, बाहेर पडायची जागा यांचा विचार नव्यानं करावा लागतो. तुमची सहाण उतारावर असेल तर तिथला एक दिवा चालू राहू दे.

बंब_नंबर_दोन

अग्निशमन दलात नोकरी केली, आता निवृत्त. थोडक्यात लिहितो, कामाचं आहे.

फाल्गुनात कोकणात गवत कडकडीत असतं. रात्री, पहाटे मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, ठिणग्या त्या दिशेला जाणार. होमाच्या त्या बाजूला काय आहे ते दिवसा चालून बघा: गवताची उडवी, काजूची बाग, गुरांचा गोठा. त्या बाजूचं गवत आधीच काढून पट्टा मोकळा करा. पाण्याचे पिंप आणि ओली गोणपाटं चारी बाजूला हवीत. बोअरचा पंप चालू स्थितीत आहे ना ते आदल्या दिवशी बघा, आणि दिवे बंद करताना पंपाचा फ्यूज काढू नका. हसू नका, असं झालेलं पाहिलंय.

सोंगं घेणाऱ्यांचे कपडे सुती असावेत. राधेचं, गोमूचं सोंग घेणारे नायलॉनच्या साड्या नेसतात, त्यांना मशालीपासून लांब ठेवा. भाजलं तर वाहतं साधं पाणी बराच वेळ. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही.

दिवे बंद करायला माझी हरकत नाही. एका माणसाच्या हातात मेन स्विच द्या, त्यानं नाचायचं नाही.

खाडीपलीकडे

हा मेन स्विचवाला माणूस मला पटला. आमच्याकडे त्या कामाला मी उभा राहीन. एक वर्ष करून बघायला हरकत नाही: होल्टे होईपर्यंत उजेड चालू, ते संपले की हॅलोजन बंद, मग पालखी होमाभोवती मशालींवर. डीजेचं मात्र पोरांशी मलाच बोलावं लागेल. तसाही लाऊडस्पीकर रात्री दहानंतर कायद्यानं बंदच असतो, सवलतीचे दिवस मिळाले तरी बारापर्यंत. होम पहाटे लागतो, तेव्हा डीजेला परवानगी नाहीच. हा मुद्दा सभेत सगळ्यात आधी चालेल.

उत्तरवारा

खाडीपलीकडे, हे वाचून फार बरं वाटलं. लर्विकमध्येही असंच थोडं थोडं करत ठरलं असणार.

इरावती_ज

आणि पोरांना डीजेच्या बदल्यात काहीतरी द्या. नुसतं ‘नाही’ म्हणू नका. मृदंग शिकवायला बसवा. दिवाळीनंतर दर शनिवारी कुणी म्हातारा खेळ्या पनवेलला किंवा डोंबिवलीला येऊन शिकवेल का? मुलं तिथेच आहेत.

माडाखालचा

सभा झाली, कळवतो. वाजवणाऱ्यांची बिदागी ठरवून लिहून घेतली, त्यावर कुणी विरोध केला नाही. बायकांच्या फेराला तासभर मिळाला. दोन मानकरी नाराज आहेत, पण त्यांच्याच घरच्या सुना फेर धरणार आहेत. दिव्यांचा ठराव थोड्या मतांनी मंजूर: होम लागल्यापासून उजाडेपर्यंत बंद, उतारावरचा एक दिवा आणि पंप चालू. मोबाईलवर मतभेद राहिले, शेवटी ‘फ्लॅश नको’ एवढ्यावर आलो. डोंबिवलीत मृदंगाच्या वर्गाला सात-आठ मुलांनी नावं दिली आहेत.

एक अडचण उरली. चामड्याचा_सूर यांनी विचारलं होतं म्हणून ढोल बघितले. मोठ्या ढोलावर फायबरचं पान आहे. म्हाताऱ्या ढोल्याला ते बदलून कातडं चढवायचंय, पण आमच्या बाजूला आता कातडं चढवणारा कुणी उरला नाही.

चामड्याचा_सूर

ढोलाच्या तोंडाचा व्यास आणि खोडाचं लाकूड कुठलं ते व्यनि (खासगी निरोप) करा. बकऱ्याचं चालेल की जाड लागेल ते बघून सांगतो. मिरजेत ओळखीचे कारागीर आहेत, पण ढोल तिकडे न्यावा लागेल, कारण चढवल्यावर दोन-तीन दिवस सावलीत वाळवून पुन्हा ताणावं लागतं. शिमग्याला वेळ कमी आहे, याच आठवड्यात निघा. आणि म्हाताऱ्या ढोल्याला सोबत आणा, ताण त्यांच्या कानानं ठरू दे.

माडाखालचा

शनिवारी एसटीनं निघतो. ते तयार आहेत, त्यांनी ढोल आत्ताच पोत्यात बांधलाय.